शनिवारचा बाजार आणि सोमवारची पाटी

परभणीहून पूर्णेकडे निघालेली पॅसेंजर गाडी थोड्याच वेळात पिंगळीच्या स्थानकावर थांबते. निजामाच्या राजवटीत, सन १९०० च्या सुमारास, हैदराबाद-गोदावरी व्हॅली लोहमार्ग या भागातून टाकला गेला. त्या मार्गाने कापूस बाहेर जाऊ लागला आणि कापसाच्या मागोमाग अडती, दुकाने व पेढ्या आल्या. नवागडच्या नेमिनाथ भगवंतांच्या दर्शनास जाणाऱ्या श्रावकांना हा पिंगळी-मिरखेलचा पट्टा चांगला परिचित आहे. (चित्रकथीच्या परंपरेसाठी प्रसिद्ध असलेली पिंगुळी ती कोकणातली. नावाच्या सारखेपणामुळे होणारा घोटाळा पत्रव्यवहारात आजही होतो.) काळी जमीन, ज्वारी, कापूस, तूर, हरभरा आणि विहिरीला पाणी असेल तेथे भाजीपाला, असा हा मुलूख आहे. येथील प्राथमिक शाळेत बसणारी मुले दोन प्रकारच्या घरांतून येतात. एक माल पिकवणारी आणि दुसरी, संख्येने थोडी, माल विकत घेऊन विकणारी.

डिसेंबर सरत आला की परभणी जिल्ह्यातील गावोगावच्या जिल्हा परिषद शाळांत एका उपक्रमाची चर्चा सुरू होते. कोठे त्याला बाल आनंद मेळावा म्हणतात, कोठे आनंदनगरी, तर कोठे सरळ बाल बाजार. शाळेच्या पटांगणात पोती अंथरून मुले स्वतः मेथी, वांगी, बोरे, पेरू, उसाची कांडकी, हरभऱ्याचे डहाळे, तिळाचे लाडू, चिवडा मांडून बसतात. गिऱ्हाईक म्हणजे आईवडील, गावकरी, शिक्षक आणि दुसऱ्या वर्गांतील मुले. दोन-तीन तासांत बाजार उठतो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर छायाचित्र येते, चिमुकल्यांनी किती हजारांची उलाढाल केली हे मथळ्यात येते, मान्यवरांची नावे येतात, आणि विषय संपतो.

व्यापारी घरांत अशा बातमीकडे थोड्या कौतुकाने आणि थोड्या सवयीच्या हसूने पाहिले जाते. बाजार ही काय शाळेत शिकण्याची गोष्ट आहे, असे आजोबांना वाटणे स्वाभाविक आहे, कारण ते दहाव्या वर्षी दुकानाच्या गादीवर बसून शिकले. परंतु त्यांचा नातू गादीवर बसत नाही. तो सकाळी व्हॅनने परभणीच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जातो, संध्याकाळी शिकवणीला जातो, आणि दुकानात आलाच तर गल्ल्याशेजारी लावलेल्या क्यूआर कोडच्या पाटीतून पैसे आल्याची घोषणा ऐकतो. यूपीआय २०१६ साली आले. आज प्राथमिक शाळेत असलेली बहुतेक मुले त्यानंतर जन्मलेली आहेत. नोट घेऊन सुटे परत करण्याचा व्यवहार त्याच्या डोळ्यांसमोर क्वचितच घडतो. व्यापाऱ्याच्या मुलाला व्यापाराचे गणित उपजत येते ही समजूत आता तपासून पाहण्याची वेळ आली आहे.

बाजार शनिवारी भरतो. त्याचा अभ्यास मात्र सोमवारी सुरू व्हावयास हवा. जेथे शिक्षक हा आठवडा मनापासून वापरतात, तेथे सोमवारच्या परिपाठातच त्याची घोषणा होते. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार, दिनविशेष हे सारे झाले की गुरुजी मुलांना एक काम देतात: घरी जाऊन विचारा, आपल्याकडे विकण्यासारखे काय आहे आणि त्याचा भाव काय. दुसऱ्या दिवशी फळ्यावर भावांची यादी तयार होते. एकाच गावात मेथीच्या जुडीचे चार भाव निघतात. यावर तिसरीच्या वर्गात जो वाद होतो, तो पाठ्यपुस्तकातील कोणत्याही स्वाध्यायाने होणार नाही.

मग मापे येतात. ‘पाव किलो’ हा शब्द प्रत्येक मुलाला माहीत असतो आणि २५० ग्रॅम ही संख्याही माहीत असते; पण ही दोन्ही एकच आहेत हे सर्वांना ठाऊक असतेच असे नाही. एक शब्द घरचा, दुसरी संख्या शाळेची. तागडी आणि वजने वर्गात आणून मुलांच्या हातात दिली, आधी अंदाज करावयास लावला आणि मग तोलून दाखविले, म्हणजे ही गाठ बसते. भाषेच्या तासाला दुकानाच्या पाट्या लिहिल्या जातात. ‘जुडी’मधला ‘जु’ ऱ्हस्व की दीर्घ, ही चर्चा एरव्ही कंटाळवाणी असते. आपल्याच दुकानाची पाटी चुकीची लागणार असेल तर ती गंभीर होते.

या आठवड्यातील सर्वांत मोलाचा तास सुटे पैसे देण्याचा आहे. गिऱ्हाइकाने सदतीस रुपयांचा माल घेतला आणि शंभराची नोट दिली. शाळेची रीत अशी की शंभरातून सदतीस वजा करावेत. शून्यातून सात जात नाहीत, शेजारी उसने मागावे तर तेथेही शून्य, मग त्याच्याही शेजारी जावे. पाटीवर खाडाखोड होते आणि चौथीतले मूलही येथे अडखळते. दुकानदाराची रीत निराळी. तो वजाबाकी करीतच नाही. सदतीस आणि तीन चाळीस, चाळीस आणि दहा पन्नास, आणि पन्नास शंभर. तीन नाणी, एक दहाची नोट, एक पन्नासाची नोट. एवढे बोलेपर्यंत त्रेसष्ट रुपये गिऱ्हाइकाच्या हातात पडलेले असतात आणि त्याच्या कानावर हिशेबही पडलेला असतो. ही रीत चुकत नाही, कारण देणारा आणि घेणारा दोघेही ती एकाच वेळी तपासत असतात. पिढ्यान्‌पिढ्या ती गादीवरून गादीवर गेली. आता ती वर्गात आली तर फळ्यावर दोन्ही रीती शेजारी शेजारी मांडाव्या लागतील आणि दोन्हींचे उत्तर त्रेसष्टच का येते, हे मुलांनी स्वतः शोधावे लागेल. कारण दोन्हींपैकी एकच रीत ज्याला येते, त्याचे गणित अर्धेच असते.

हे केवळ अनुमान नाही. ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ आणि फळे विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. तेरेझिना नुनेस, डेव्हिड कॅराहर आणि अनालुसिया श्लिमन हे संशोधक गिऱ्हाईक बनून मुलांकडे जात. पस्तीसला एक, तर चार नारळांचे किती, असे विचारल्यावर एका बारा वर्षांच्या मुलाने तिहींचे एकशे पाच धरले, त्यांत तीस मिळविले, मग उरलेले पाच, आणि एकशे चाळीस असे अचूक सांगितले. पुढे त्याच मुलाला कागदावर पस्तीस गुणिले चार करावयास दिले. पाच चोक वीस, हातचे दोन. दोन आणि तीन पाच, पाच चोक वीस. उत्तर आले दोनशे. चार नारळांना दोनशे मागणाऱ्याला बाजारात कोणी उभे केले नसते, हे त्या मुलाइतके कोणालाच माहीत नव्हते. पण कागदावर नारळ नव्हते. बाजारातील प्रश्नांपैकी सुमारे अठ्ठ्याण्णव टक्के ज्यांनी बरोबर सोडविले, त्याच मुलांची नुसत्या आकडेमोडीची उत्तरे सदतीस टक्क्यांच्या आसपासच बरोबर आली.

आपल्या देशातही हेच दिसून आले आहे. नोबेल पारितोषिक विजेते अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली व कोलकाता येथील बाजारांत काम करणाऱ्या चौदाशेहून अधिक मुलांची पाहणी केली. ती २०२५ च्या आरंभी ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. बाजारातील मुले गुंतागुंतीचे व्यवहार तोंडी करीत होती, पण शाळेच्या पद्धतीने मांडलेल्या सोप्या उदाहरणांत अडत होती. उलट, शाळेत नियमित जाणारी आणि उदाहरणे सोडविणारी मुले बाजारातल्या व्यवहारासमोर गोंधळत होती. एकीकडचे ज्ञान आपोआप दुसरीकडे जात नाही. दोहोंमध्ये कोणीतरी पूल बांधावा लागतो. पिंगळीसारख्या गावात हा पूल बांधण्याची सोय शाळेच्या पटांगणात आहे, आणि त्यासाठी खर्च जवळजवळ नाही.

जुन्या शाळेत हा पूल होता. पंतोजींच्या काळात मुले पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी म्हणत. औट म्हणजे साडेतीन. आठ औटे अठ्ठावीस. हे पाठांतर आज निरर्थक वाटते, परंतु ते बाजारासाठीच होते. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, मणाचे चाळीस शेर. सारी मापे चौथाई, अर्धा, पाऊण या भागांत चालत. सव्वा रुपया शेराने अडीच शेर माल घेतला तर तीन रुपये दोन आणे, हे उत्तर कागद न घेता येत असे. मराठवाड्यात त्यात आणखी भर होती. येथे निजामाचा हाली शिक्का आणि इंग्रजी कलदार अशी दोन चलने चालत, आणि सात हाली म्हणजे सहा कलदार हे प्रमाण व्यापाऱ्याच्या जिभेवर असे. आजच्या पदवीधराला हा विनिमय कागदावर मांडूनही क्षणभर विचार करावा लागेल.

१ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले, १९५८ पासून मेट्रिक वजनमापे आली, आणि पावकी-अडीचकीची गरज संपली. ते योग्यच झाले. दशमान पद्धतीने सामान्य माणसाची फसवणूक कमी केली. पण पाठांतर गेले तेव्हा त्यासोबत तोंडी हिशेबाची सवयही शाळेतून निघून गेली, आणि तिच्या जागी दुसरे काही ठेवण्याचे कोणाच्या ध्यानात आले नाही. काही वर्षे दुकानांनी ती सांभाळली. मग गणनयंत्र आले.

मराठी संख्यावाचनाचा प्रश्नही येथे आडवा येतो. ‘त्रेसष्ट’ म्हणताना कानावर तीन आधी पडतात आणि साठ नंतर. लिहिताना मात्र सहा आधी लिहावयाचे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘तेवीस’बरोबर ‘वीस तीन’ असे वाचनही दिले गेले, तेव्हा राज्यभर थट्टा झाली. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी त्यामागील कारण शांतपणे सांगितले होते: जोडाक्षरे आणि उलट क्रम यांमुळे लहान मुलांना संख्या कठीण जातात. थट्टा करणाऱ्यांपैकी किती जणांनी एखाद्या सात वर्षांच्या मुलाला ‘एकोणऐंशी’ लिहावयास सांगून पाहिले असेल, हे विचारण्यासारखे आहे. सुटे मोजताना ‘पन्नास, साठ, आणि तीन’ असे दुकानदार सहज म्हणतो; म्हणजे त्या पुस्तकाने सुचविलेली रीत बाजारात पूर्वीपासून होतीच.

आता बाजाराच्या दिवसाविषयी. राज्याच्या शिक्षण विभागाने २०२४-२५ पासून पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम सुरू केला असून त्यात आर्थिक व्यवस्थापनाची तोंडओळखही समाविष्ट आहे. तेव्हा शनिवारच्या बाजाराला आता शासकीय आधारही आहे. तथापि, बऱ्याच बाजारांत एक दोष शिरतो. आई पहाटे उठून भजी, इडली, पाणीपुरी तयार करते, वडील टेबल मांडतात, काका पैसे घेतात; मूल मात्र नवे कपडे घालून मागे उभे असते. छायाचित्र उत्तम येते. ज्याच्या घरी तेल, गॅस आणि पाचशे रुपयांचे भांडवल आहे त्याच्या टेबलाभोवती गर्दी होते, आणि जो शेतातून चार जुड्या घेऊन आला तो कोपऱ्यात बसून राहतो. काही शाळांनी भांडवलाला मर्यादा घालून पाहिली आहे. ती शंभर रुपयांची असली तरी पुरे. शिजवलेल्या पदार्थांपेक्षा शेतमाल आणि हाताने केलेल्या वस्तू यांनाच जागा दिली तर हा अन्याय बराच कमी होतो.

जैन घरातील मूल या बाजारात बसले तर त्याच्यापुढे थोडा वेगळा प्रश्न येतो. कांदा, बटाटा, गाजर तो विकणार नाही, आणि शेजारचा मित्र तेच विकत असेल. यात अडचण मानण्याचे कारण नाही. लिंबे, बोरे, पेरू, तीळ-गुळाच्या वड्या यांना गिऱ्हाईक कमी नसते, आणि ‘तू कांदे का विकत नाहीस’ या मित्राच्या प्रश्नाला घरून ऐकलेले उत्तर स्वतःच्या शब्दांत देणे हा पाठशाळेच्या वर्गाइतकाच चांगला अभ्यास आहे.

मापाच्या बाबतीत मात्र आपल्या परंपरेकडे देण्यासारखे बरेच आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. चोरीस प्रवृत्त करणे, चोरीचा माल घेणे आणि राज्याचे नियम मोडून व्यापार करणे यांबरोबर त्यात हीनाधिकमानोन्मान, म्हणजे देण्याचे माप एक व घेण्याचे दुसरे ठेवणे, आणि प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे चांगल्यात हलके मिसळणे, हेही आहेत. वैधमापनाचा कायदा आणि वजनांवरील मुद्रांकन यांच्या कितीतरी शतके आधी हा विचार मांडला गेला. मुलांच्या बाजारात तागडीच्या पारड्याखाली चिंच चिकटविण्याची कल्पना कोणाला सुचत नाही; पण वर ताजी आणि खाली पिवळी पाने अशी जुडी बांधावी हे मात्र घरच्याच मोठ्या माणसाकडून सुचविले जाते. मुले असे प्रकार पाहून शिकतात आणि न पाहिल्यास शिकत नाहीत. वर्गात बाजारापूर्वी तागडी रिकामी करून काटा मध्यावर आहे ना, हे प्रत्येक विक्रेत्याने गिऱ्हाइकासमोर दाखवावयाचे, एवढा एक नियम ठेवला तरी पाच अतिचारांपैकी एकाचा अर्थ तिसरीतल्या मुलाला पाठांतराशिवाय कळेल.

बाजार उठतो, पोती झटकली जातात, पटांगण झाडले जाते. बहुतेक ठिकाणी येथेच सारे संपते. आणि येथेच संपू नये असे काही सोमवारच्या पाटीवर राहिलेले असते. ते म्हणजे हिशेब.

समजा, एका मुलाने सात रुपये दराने मेथीच्या पंधरा जुड्या आणल्या. भांडवल एकशे पाच रुपये. दहा रुपयांप्रमाणे अकरा विकल्या, आले एकशे दहा. नफा किती? वर्गातून उत्तर येते, पाच रुपये. मग दुसरा हात वर होतो: पण चार जुड्या उरल्या आहेत. त्यांची किंमत खरेदीच्या भावाने अठ्ठावीस रुपये. ती धरली तर नफा तेहेतीस. तिसरा म्हणतो, त्या जुड्या सोमवारपर्यंत सुकल्या, आता त्या कोण घेणार? चौथी म्हणते, सुकल्या कशाने, याच्या आईने शनिवारीच भाजी केली. मग ती भाजी दुकानाचे नुकसान की घरचा खर्च? वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला शिल्लक मालाचे मूल्यांकन आणि मालकाची उचल या दोन गोष्टी वर्षभर समजावून सांगाव्या लागतात. येथे त्या चार जुड्यांनी अर्ध्या तासात समजल्या.

याहून अवघड प्रश्न शेतकऱ्याच्या मुलीचा आहे. तिने वीस जुड्या आणल्या, सर्व विकल्या, दोनशे रुपये आले. तिने वहीत लिहिले: भांडवल शून्य, नफा दोनशे. का, असे विचारल्यावर तिचे उत्तर ठरलेले असते: मेथी घरचीच आहे. शिक्षक घाईत असले तर शाबासकी देऊन पुढे जातात. तिचा नफा वर्गात सर्वांत मोठा असल्यामुळे तिला बक्षीसही मिळते. जो शिक्षक थांबतो तो फळ्यावर लिहू लागतो. बियाण्याचे किती? ते विकत आणले होते. खत? पाणी कोणी दिले? रात्री वीज आली तेव्हा मोटर चालू करावयास कोण उठले? खुरपायला किती दिवस लागले, आणि आईच्या जागी रोजाने बाई लावली असती तर किती द्यावे लागले असते? फळा भरत जातो आणि दोनशे रुपये खाली उतरत जातात. बियाणे आणि मजुरी यांचे आकडे मुलांना घरूनच विचारून आणावे लागतात, म्हणून हे उदाहरण एका तासात सुटत नाही. मंगळवारी पुन्हा घ्यावे लागते. त्या मुलीच्या वहीतील शेवटचा आकडा कधी चाळीस येतो, कधी उणे येतो.

शेजारी बसलेला व्यापाऱ्याचा मुलगा हे सारे पाहत असतो. त्याच्या वहीत खरेदी सात आणि विक्री दहा असे स्वच्छ आकडे आहेत. ते सात रुपये कोणाच्या घरी गेले आणि तेथे त्यांतून काय काय वजा झाले, हे त्याला त्या दिवशी प्रथमच समजते. त्याच्या आजोबांना ते ठाऊक होते. ज्या शेतकऱ्याचा माल घ्यावयाचा त्याच्या विहिरीला किती पाणी आहे, मुलीचे लग्न कधी आहे, हे गादीवर बसून माहीत असे, कारण उधारी त्यावरच चाले. मधल्या काळात मुले वेगळ्या शाळांत गेली, वेगळ्या व्हॅनमध्ये बसली, आणि ही ओळख उरली नाही. परभणीसारख्या जिल्ह्यात, जेथे पावसाचा एक खंड पडला की शेतकऱ्याचे वर्ष जाते, तेथे पिकविणारा आणि विकणारा यांची मुले एकाच फळ्याकडे पाहून एकच बेरीज करीत नसतील, तर पुढे त्यांच्यात फक्त भावावरून बोलणे उरेल.

मिळालेल्या पैशाचे काय करावे, हाही सोमवारचाच विषय. रिझर्व्ह बँकेने २०१४ पासून दहा वर्षांवरील मुलांना स्वतःचे बचत खाते स्वतः चालविण्यास परवानगी दिली असून त्याच्या मर्यादा बँक ठरविते. पाचवीतील मूल म्हणजे या वयाचे. खात्यात चाळीस रुपये भरण्यासाठी मुलाने स्वतः पावती लिहिणे आणि पासबुकात नोंद पाहणे यात काही मोठेपणा नाही. पण अक्षरी रक्कम लिहिताना ‘चाळीस’च्या पुढे ‘फक्त’ का लिहावयाचे, हे त्याला कळते आणि ते आयुष्यभर लक्षात राहते. लहान मुलांचा हात धरून बँकेत येणारे पालक अलीकडे कमी दिसतात, एवढे मात्र खरे.

पुढील काही आठवडे शाळांत कार्यक्रमांची रेलचेल असते. ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले यांची जयंती, १२ जानेवारीला जिजाऊ आणि स्वामी विवेकानंद यांच्या जयंत्या, मग संक्रांत, क्रीडास्पर्धा, स्नेहसंमेलन आणि २६ जानेवारी. फेब्रुवारीच्या अखेरीस मराठी भाषा गौरव दिन व लगेच दुसऱ्या दिवशी विज्ञान दिन. त्यापुढे परीक्षांचे वारे. म्हणून बाजारासाठी बहुतेक शाळा संक्रांतीच्या आधीचा एखादा शनिवार निवडतात. शेतात हुरडा आणि हरभरा असतो, बोरे पिकलेली असतात, आणि तिळाला मागणी असते.

या काळात शाळेतून देणगीसाठी कोणी आले तर व्यापारी कुटुंबे सहसा रिकाम्या हाताने परत पाठवीत नाहीत. पाण्याची टाकी, पंखे, गणवेश, वह्या यांवर देणगीदारांची नावे गावोगावी दिसतात. कुंभोजच्या जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था उभी केली तेव्हा पैसा मागितलाच, पण मुलांच्या हाताला कामही दिले आणि कमवा व शिका ही योजना त्यातूनच उभी राहिली. पटांगणातील बाजारासाठी लागणाऱ्या गोष्टी टाकीपेक्षा स्वस्त आहेत. इलेक्ट्रॉनिक काटा आल्यावर दुकानाच्या माळ्यावर ठेवलेली जुनी तागडी आणि वजने आठवडाभर वर्गात द्यावीत. तोलून पाहण्यास ती चालतात, शनिवारी विक्रीला मात्र मुद्रांकन असलेलीच वजने वापरावीत. एक, दोन आणि पाच रुपयांची नाणी बँकेतून आणून बाजाराच्या सकाळी मुलांना बदलून द्यावीत, कारण सुट्यांअभावी अर्धा बाजार अडतो. गुरुवारच्या तासाला दुकानातील एखाद्या ज्येष्ठाने जाऊन शंभराच्या नोटेचे सुटे कसे देतात ते दाखवावे; भाषण करू नये. आणि परभणीच्या शाळेत जाणाऱ्या नातवंडांना त्या शनिवारी पिशवी घेऊन पाठवावे.

गिऱ्हाईक म्हणून जाणाऱ्या मोठ्यांसाठी एक गोष्ट सांगावीशी आहे. भावात थोडी घासाघीस करण्यास हरकत नाही. मुलांना ती आवडते आणि काही मुले त्यात मोठ्यांना हरवितात. परंतु तेवीस रुपयांची बोरे घेऊन पन्नासाची नोट द्यावयाची आणि ‘राहू दे बाळा सुटे’ असे म्हणून पुढे जावयाचे, हे प्रेमाने केलेले असले तरी त्याने सोमवारपासूनची सारी मेहनत वाया जाते. नोट द्यावी आणि उभे राहावे. ते मूल आधी नोटेकडे पाहील, मग डब्यातील नाण्यांकडे. मागे रांग वाढली तरी चालेल. ओठ हलू लागतील: तेवीस, पंचवीस, तीस, मग एकदा चुकेल, सारी नाणी परत डब्यात टाकील आणि तेविसापासून पुन्हा मोजावयास लागेल.